वजनकाट्यापर्यंत जाणारी गाडी

बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये मी खोली बघायला गेले, तेव्हा नेवासकर काकांनी दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. सिंगापुरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. इथे खोली देताना असंच विचारत असतील, असंही वाटून गेलं. मी घाबरत म्हणाले, "एकोणपन्नास."

"बॅगेसकट?"

"नाही. बॅग... बॅग वेगळी."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, आधी तिला पाणी तरी विचारा!"

"पाणी म्हणजे पण वजनच," असं पुटपुटत काका बाजूला सरकले आणि मी आत गेले. पुढे इंजिनिअरिंगची डिग्री हातात येईपर्यंत मी त्याच घरात राहिले.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे मोठ्या माणसांबद्दल लिहायला बसलं की हात अडखळतो. काकांबद्दल लिहायचं म्हणजे त्यांना हसल्यासारखं होईल की काय, ही भीती वेगळीच. पण काकूंनी परवानगी दिली आहे. त्या म्हणाल्या, "लिही गं. मी एकटीनेच किती वर्षं हसायचं?"

काका एका बँकेत जोखीम तपासायच्या खात्यात होते. कुठलं कर्ज बुडेल हे बुडायच्या आधी ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ती नजर कर्जांवरून उठली आणि टायरवर जाऊन बसली. संध्याकाळी ब्लॉकमधली बाकीची निवृत्त मंडळी फेऱ्या मारायची. काका मात्र कार पार्कमध्ये एकेका गाडीपाशी उकिडवे बसायचे आणि टॉर्चच्या उजेडात टायरच्या बाजूला कोरलेले आकडे वाचायचे. टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला हे तिथे लिहिलेलं असतं, आणि तो किती वजन पेलेल याचाही आकडा असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

"नक्षी बघ, नवीकोरी. लोक नक्षी बघतात. रबर आतून म्हातारं झालंय, ते कोण बघणार?" असं म्हणून ते खिशातून चिठ्ठी काढायचे आणि त्या गाडीच्या वायपरखाली सरकवायचे. चिठ्ठीत इंग्रजीत लिहिलेलं असायचं: 'आपला मागचा डावा टायर फार जुना आहे. कृपया. आपला हितचिंतक.'

आमच्या मजल्यावरच्या चिनी आंटीला त्यात वेगळाच वास आला. गाड्यांभोवती वाकून फिरणारा आणि चिठ्ठ्या ठेवणारा माणूस म्हणजे सावकाराचा वसुलीवाला, असं तिने ठरवलं. एका संध्याकाळी दोन पोलीस आले. काकांनी त्यांना अतिशय आदराने खाली नेलं, चिठ्ठी दाखवली, आकडे कसे वाचायचे ते शिकवलं आणि मग त्यांच्याच गाडीपाशी बसून तिचे चारही टायर तपासले. वर आले ते खूश होऊन. "शंभरपैकी शंभर," म्हणाले. "वजनाला टायर कसा असावा, तर असा." तरुण पोलीस जाताना म्हणाला, "अंकल, व्हेरी गुड, बट डोंट डू एनीमोर, हा." काका 'हो' म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठीखाली ब्लॉकचा नंबरही लिहायला लागले. लोकांना संशय नको म्हणून.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दिसतंय ठीक. आहे का ठीक?" टायरला हे विचारायचेच, पण बाजारातल्या फ्लॉवरला, मंडळाच्या अध्यक्षांच्या भाषणाला आणि माझ्या परीक्षेच्या निकालालाही विचारायचे. पहिल्या सेमिस्टरला मी बरे मार्क आणले. मी आनंदाने सांगायला गेले तर काका म्हणाले, "दिसतंय ठीक." मग चष्मा काढून, "झोपतेस का नीट?" मी झोपत नव्हते. ते त्यांना कसं कळलं, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रात्री अकराच्या सुमाराला काकू माझ्या खोलीचं दार वाजवायच्या आणि म्हणायच्या, "खालच्यांचा हुकूम आलाय, दिवा बंद." खालचे म्हणजे हॉलमध्ये गादीवर झोपणारे काका.

आता गाडीबद्दल सांगते, कारण हे सगळं त्या गाडीपायी होतं.

काकांकडे एक मोटरहोम आहे. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं घर. आत झोपायला बर्थ, टेबल, बाकं, छोटी शेगडी, मोरी. ती इंग्लंडात बनली आणि माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे. कुणा गोऱ्या जोडप्याने ती मलेशियात आणून सोडली आणि काकांनी ती घेतली. सिंगापुरात अशी म्हातारी गाडी ठेवायची म्हणजे तिच्या परवान्यासाठी राहतं घर विकायची पाळी. म्हणून ती पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोरला, आह सेंग नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजमागे उभी असते. दर शनिवारी सकाळी काका डबा घेऊन निघायचे. काकू विचारायच्या, "कुठे?" काका म्हणायचे, "घरी."

"आणि मी राहते ते काय?"

"तो फ्लॅट."

गाडी घेतल्याला सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत ती एकदाही कुठे फिरायला गेली नव्हती. नाही म्हणायला ती एका ठिकाणी जायची. गॅरेजपासून थोड्या अंतरावर एका भंगारवाल्याचा वजनकाटा आहे. तिथवर जायची, वजन करून घ्यायची आणि परत यायची. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, मग फक्त डावीकडची, मग उजवीकडची. काट्यावर बसणारी मलय बाई काकांना लांबून ओळखायची. गाडी दिसली की हसून ओरडायची, "अंकल! टुडे गो समव्हेअर, ऑर वे ओन्ली?"

"वे ओन्ली," काका गंभीरपणे सांगायचे. म्हणजे फक्त वजन.

मीही एका शनिवारी त्यांच्याबरोबर गेले. मेकॅनिकल शिकत होते, म्हणून उत्सुकता होती. त्या सुमाराला गाडीचा मागचा भाग जरा बसला होता. आह सेंगने उपाय काढला होता: मागच्या चाकांच्या वर, दोन्ही बाजूंना, हवेच्या पिशव्या. अपघातात तोंडावर फुटते ती एअरबॅग वेगळी. ह्या जाड रबराच्या असतात, स्प्रिंगच्या जोडीला बसवतात. कॉम्प्रेसरने हवा भरली की बसलेली गाडी वर उचलली जाते आणि सपाट दिसते. आह सेंग हात पुसत म्हणाला, "नाऊ कॅन कॅरी एलिफंट, ला!"

काकांचा चेहरा असा झाला की जणू त्याने बँक बुडवली. "कॅननॉट!"

"अंकल, सी, सो लेव्हल. कॅन ला."

"लेव्हल इज ओन्ली लुकिंग! टायर कॅननॉट!"

मग माझ्याकडे वळून मराठीत, "पोट आत घेऊन फोटो काढला म्हणून वजन कमी होतं का? गाडी सपाट दिसते, पण टायरवर वजन तेवढंच आहे. अॅक्सलवर तेवढंच आहे. उलट आता धोका जास्त. आधी निदान मागून बसलेली दिसायची, कळायचं तरी की हिला जड झालंय. आता कुणाला कळणार?"

घरी फोन केला की मीसुद्धा रोज 'मी मजेत आहे' असंच सांगत होते.

तर पिशव्या बसल्या. मग त्या वजनाला पुरतील असे टायर आले. मग त्या टायरना पुरतील अशा रिम आल्या. प्रत्येक गोष्ट आली की काका वजनकाट्यावर जायचे आणि पुढची गोष्ट काढायचे. आह सेंग मला म्हणाला, "युअर अंकल व्हेरी गुड ड्रायव्हर. ओन्ली नेव्हर ड्राइव्ह."

मी पहिल्यांदा जोहोरला गेले त्याच दिवशी गाडीत निळे डबेही पाहिले. मागच्या बाजूला टेबलाच्या दोन्ही अंगांना चार सीट आहेत. चारही सीटवर पाण्याने भरलेले प्लास्टिकचे निळे डबे ठेवलेले, आणि प्रत्येकाला सीटबेल्ट लावलेला. दोन सीटवर मोठे, दोनवर लहान.

"हे काय, काका?"

"लोड," ते म्हणाले आणि विषय बदलला.

त्याचा उलगडा घरातच झाला. काकांचा मुलगा निखिल ऑस्ट्रेलियात, पर्थला असतो. बायको आणि दोन मुलं. रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. शाळा, पाऊस, कुत्रा असं सगळं बोलून व्हायचं आणि मग काका फोन हातात घेऊन नातवंडांना विचारायचे, "वजन किती झालं रे?"

"आजोबा, नॉट अगेन!" नातू ओरडायचा. पण पळत जाऊन काट्यावर उभा राहायचा आणि आकडा सांगायचा. सूनबाई हसत म्हणायच्या, "बाबा, मी नाही हं सांगणार. पण कमी झालंय."

पुढच्या शनिवारी काका जोहोरला गेले की लहान डब्यात मगभर पाणी जास्त ओतायचे. सूनबाईंचं कमी झालं असेल तर त्यांच्या डब्यातून थोडं काढायचे. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, हिशेब सरळ. ती माणसं आली की गाडीची हवा पुन्हा जुळवत बसायला नको, थेट निघायचं, म्हणून ही तयारी. मला हे काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं. "डिसेंबरात येणार होते. मग जूनमध्ये. मग पुन्हा डिसेंबरात. पोरांच्या शाळा, निखिलची नोकरी, त्यांचंही खरंच आहे गं. आम्ही काही बोलत नाही. हे पाणी ओततात आणि मी भाजी निवडते."

डिग्रीच्या शेवटच्या वर्षी ठरलं की माझे आईबाबा दीक्षान्त समारंभाला येणार. बाबा बार्शीत एका शाळेत शिपाई आहेत. आईच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तेव्हापासून ती फार वेळ बसू शकत नाही. एसटीने सोलापूरला जायचं तरी अर्धी वाट उभी असते, कारण बसलं की प्रत्येक खड्डा पाठीत शिरतो. ती येणार याचा आनंद होता आणि ती येऊन करणार काय, ही काळजीही होती. मी काकूंना म्हणाले, "ती खोलीत पडून राहील. खिडकीतून सिंगापूर बघून परत जाईल."

काका तिथेच पेपर वाचत होते. दोन दिवसांनी त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी आई पाठीवर झोपते की कुशीवर?"

मी सांगितलं.

"कुठली कूस?"

त्यानंतरच्या शनिवारी मी जोहोरला गेले तेव्हा मोठं विचित्र दृश्य होतं. काका गाडीतल्या मागच्या बर्थवर डाव्या कुशीवर पडलेले, अंगावरून आडवे दोन पट्टे बांधलेले, आणि डोक्याशी पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. आह सेंग गाडी चालवत होता. गॅरेजसमोरच्या गतिरोधकावरून न्यायची, वळवायची, पुन्हा न्यायची. प्रत्येक वेळी पाणी सांडायचं आणि आतून आवाज यायचा, "अगेन!" मग काका ओल्या कॉलरने खाली उतरायचे, पिशव्यांतली हवा थोडी कमी करायचे, कधी थोडी भरायचे. हवा जास्त झाली की गाडी दगडासारखी आपटते, कमी झाली की डोलते. मधली कुठलीतरी एक जागा असते. ती शोधत होते.

"हे कुणासाठी चाललंय, काका?" मी विचारलं. खरंच कळलं नव्हतं.

ते चिडले. "कुणासाठी म्हणजे? तुझी आई झोपून येणार ना? देसारूचा समुद्र दाखवायचाय तिला. मग बर्थवर कोण झोपून बघणार, आह सेंग? त्याला मणका कुठे असतो ते तरी माहीत आहे का?"

मी रिकामा पेला घेऊन नळापाशी गेले आणि तो पुन्हा काठोकाठ भरून आणला.

आईबाबा आले. विमानात आई बहुतेक वेळ मागच्या बाजूला उभी होती. समारंभातही शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी राहिली. माझं नाव पुकारलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या की नाही, मला स्टेजवरून दिसलं नाही. बाबा म्हणाले, "वाजवल्या की. एकटीच वाजवत हुती शेवटपर्यंत." दुसऱ्या दिवशी मात्र ती उठू शकली नाही. काकांनी खोलीच्या दारातून विचारलं, "ताई, शनिवारी जमेल?"

"बघू भाऊ. तुमच्या गाडीत पडून जायचं म्हंजे मला ऑपरेशनला नेल्यागत वाटतंय," आई म्हणाली. पण तिला जायचं होतं. तिने शुक्रवारीच केस धुतले.

शनिवारी सकाळी आम्ही दोन टॅक्सींतून, आई एकीच्या मागच्या सीटवर आडवी, पूल ओलांडला आणि आह सेंगच्या गॅरेजला पोचलो. निघायच्या आधी काकांनी सगळ्यांची वजनं विचारली. बाबा हात जोडून म्हणाले, "साहेब, पंचावन असंल." काका म्हणाले, "साहेब म्हणू नका आणि 'असंल' म्हणू नका. काटा आहे तिकडे." काकूंनी आपला आकडा हळूच काकांच्या कानात सांगितला. आई बर्थवर पडली, पट्टे बांधले. मी आणि बाबा बाजूच्या बाकावर, काकू पुढे. मागे टेबलाशी निळे डबे आपापल्या जागी बेल्ट लावून.

गाडी वजनकाट्यावर चढली. काट्यावरच्या बाईने ओरडून आकडा सांगितला. काकांनी पुन्हा विचारला. तिने पुन्हा तोच सांगितला. काका गाडीत आले आणि दारात उभे राहिले.

"कुणीतरी खोटं बोललंय."

शेवटी बर्थवरून आईचा आवाज आला, "भाऊ, मी जरा जवारीचं पीठ घेतलंय. हिथं खाली सारलंय. समुद्रावर भाकरी करावी म्हणलं."

"किती पीठ?"

"लई न्हाई. आन् तवा."

"तवा? बार्शीहून?"

"तुमच्याकडं लोखंडी मिळंल का न्हाई, काय ठावं."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मी फक्त कलिंगड घेतलंय. दोन. आणि राइस कुकर. एक नारळाची पिशवी, त्यांची ओटी भरायला."

"साहेब, माझा केळ्याचा घड हाय," बाबा उठून उभे राहिले. "ह्या बाकाखाली."

मी सॅकमधून लॅपटॉप काढून दिला. मला स्वतःलाच कळेना की समुद्रावर मी लॅपटॉप कशाला आणला होता.

सगळं खाली उतरवलं. काट्यावरच्या बाईला दोन्ही कलिंगडं मिळाली. बाकीचं सामान तिने खोलीत ठेवून घेतलं. पुन्हा वजन झालं. मागचा डावा टायर अजूनही जास्तच.

काका काकूंना म्हणाले, "तू मघाशी जे सांगितलंस..."

"त्यात थोडं धरा."

"किती थोडं?"

"धरा हो थोडं! सगळ्यांसमोर काय विचारता?"

आई पट्ट्यांच्या आत हसली आणि हसताना पाठ धरली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता पुरे, परत जावं. काकाही तेच म्हणाले. टोपी काढून म्हणाले, "जमणार नाही. टायर एवढं पेलणार नाही. आज दिसेल ठीक, पण उन्हात, हमरस्त्यावर... नाही. पुढच्या महिन्यात वरच्या क्षमतेचे टायर मागवतो."

"पुढच्या महिन्यात ही माणसं बार्शीला असतील," काकू म्हणाल्या.

"मग मी काय करू? टायरला दया येत नाही, शुभदा."

काकू पुढच्या सीटवरून उठल्या, मागे गेल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. "हे डबे काढा."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मला शपथेवर सांगता येईल, त्यांच्या डोक्यात ती गोष्ट आलीच नव्हती. सगळा हिशेब करणारा माणूस, तवासुद्धा धरणारा. पण ते डबे त्यांनी सामानात धरलेच नव्हते. ते माणसांत होते.

"त्यांची जागा आहे ती," काका म्हणाले.

"जागा कुठे जातेय? ती येतील तेव्हा बसतील. पाणी परत भरता येईल." काकूंनी आईच्या बर्थकडे हात केला. "ही आज आली आहेत, अहो."

काकांनी पहिला बेल्ट सोडला. लहान डबा होता, नातीचा. तो उचलून ते पायरीवरून उतरायला लागले आणि मध्येच थांबले. जड होता. बाबा चटकन खाली उतरले, पलीकडून हात लावला आणि म्हणाले, "दादा, सोडा. मी धरतो." दोघांनी मिळून चारही डबे खाली नेले. काट्यापलीकडे चार सुरूची रोपं लावली होती, सुकायला आलेली. काकांनी एकेक डबा एकेका रोपाला ओतला. घाई केली नाही. शेवटच्या डब्यातलं पाणी संपायला आलं तेव्हा तो जरा वाकडा करून तळचंही काढलं. काट्यावरची बाई कलिंगड कापायची थांबून बघत होती.

मग काका गुडघ्यावर बसले. वजन कमी झालं होतं, त्यामुळे पिशव्यांतली हवाही थोडी कमी करावी लागली. हवा सुटल्याचा आवाज आला, गाडी किंचित खाली आली. शेवटचं वजन झालं. बाईने आकडा सांगितला आणि या वेळी काकांनी तो दुसऱ्यांदा विचारला नाही.

"अंकल," बाईने विचारलं, "वे ओन्ली?"

"नो," काका म्हणाले. "गो."

रस्ता पामच्या बागांमधून जातो. काका इतक्या हळू चालवत होते की मागून येणारे ट्रक आधी हॉर्न वाजवायचे, मग ओलांडताना आत डोकावून बघायचे. मी आईकडे बघत होते. पहिल्या खड्ड्याला तिने पट्टा घट्ट धरला. गाडी हलकेच वर आली आणि खाली बसली. दुसऱ्या खड्ड्याला तिने माझ्याकडे पाहिलं. तिसरा खड्डा तिला कळला की नाही, मला माहीत नाही. थोड्या वेळाने तिचा हात पट्ट्यावरून सुटला. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "झोपली." त्यांचा विश्वास बसत नव्हता. ऑपरेशननंतर चालत्या गाडीत ती झोपलेली आम्ही दोघांनीही पाहिली नव्हती.

देसारूला समुद्राच्या जवळ झाडांखाली काकांनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. लाटा ऐकू यायला लागल्या. मी उठायला गेले तर त्यांनी मागे न वळता हात वर केला.

"बसून राहा," ते कुजबुजले. "हवेवर आहे गाडी. एक माणूस उतरला तरी मागचा भाग वर येतो. जाग येईल त्यांना."

म्हणून आम्ही बसून राहिलो. समोर समुद्र, आणि चार माणसं गाडीत श्वास रोखून. काकूंनी थर्मासकडे बोट दाखवलं, काकांनी मानेने नको म्हटलं. बाबांना शिंक आली, ती त्यांनी शर्टाच्या बाहीत दाबली.

बऱ्याच वेळाने काका स्टिअरिंगवर हात ठेवून हळू आवाजात बोलायला लागले. माझ्याशी की काकूंशी, ते कळलं नाही. "निखिल असाच झोपायचा. वुडलँड्सला राहायचो तेव्हा. जुनी गाडी होती, रविवारी फिरायला न्यायचो. घरी पोचलो की हा मागे गाढ. ही म्हणायची उठवा, शाळा आहे उद्या. मी म्हणायचो, थांब जरा. कार पार्कमध्ये बसून राहायचो." मग म्हणाले, "कुणी मागे झोपलेलं असलं ना, म्हणजे गाडी नीट चालवली असं वाटतं."

काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. मला त्यांचे आभार मानायचे होते. रात्रीच्या दिव्याबद्दल, कॉलरवर सांडलेल्या पाण्याबद्दल, चार डब्यांबद्दल. पण बोललं तर आई उठेल म्हणून गप्प राहिले, आणि नंतर ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहिलं.

शेवटी आईची चाहूल लागली. तिने डोळे उघडले, गाडी हलत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ती घाबरल्यासारखी पट्टा चाचपायला लागली.

"का वं भाऊ, अजून वजनच चाललंय व्हय? निघायचं न्हाई का?"

काकांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

"निघालो, ताई," ते म्हणाले. "पोचलोसुद्धा."